थंड कॉईल मोजून काय उपयोग?

आम्ही यूपीत राहतो असं सांगितलं की भारतातल्या लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला. लखनौ की कानपूर? मग खुलासा करावा लागतो. आमची यूपी म्हणजे 'अप्पर पेनिन्सुला', मिशिगन राज्याचा वरचा तुकडा. इथले लोक स्वतःला अभिमानाने 'यूपर' म्हणवतात. आम्ही त्यातही टोकाला, कीवनॉ नावाच्या द्वीपकल्पावर, लेक सुपीरियरमध्ये बोट घातल्यासारखा जो जमिनीचा सुळका दिसतो ना नकाशात, तिथे. सरोवरावरून येणारा वारा वाटेत बाष्प गोळा करतो आणि जमिनीवर आला की सगळं आमच्या अंगणात ओतून मोकळा होतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. म्हणजे साडेबत्तीस फूट! हायवेच्या कडेला ती उंची दाखवणारा एक खांबच उभा केलाय. भारतातून कोणी आलं की आम्ही त्यांना तो खांब दाखवायला नेतो. आमच्याकडे दाखवण्यासारखं फार काही नाही, त्यामुळे खांब. :-)

तर अशा ठिकाणी घरोघरी स्नोमोबाईल असते. मिरजेत जशी घरोघरी स्कूटर असायची तशी. आमच्याकडेही एक आहे, जुनी, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि मध्ये आपल्या ओळखीचा तो निळा धूर आणि पेट्रोल-ऑइलचा वास. पहिल्यांदा ती चालू केली तेव्हा मला इतकं घरच्यासारखं वाटलं की काय सांगू. बर्फ परका, थंडी परकी, पण वास आमच्या गल्लीतला.

इथल्या लोकांना ही गाडी चैनीची वाटते, पण तिचा जन्म काही चैनीसाठी झालेला नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वालकूर नावाचं एक छोटं गाव आहे. तिथला मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए. पोरवयापासून बर्फावर चालणारी गाडी करायच्या मागे होता, १९२२ साली, पंधराव्या वर्षी, त्याने जुन्या फोर्डचं इंजिन घसरगाडीवर बसवून मागे लाकडी पंखा लावला होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्स फुटून गेला. रस्ते बर्फाने बंद, हॉस्पिटलपर्यंत पोचायला वाहन नाही. १९३७ साली त्याने सात माणसं बसतील अशी बर्फावरची बंद गाडी विकायला काढली, आणि १९५९ साली आज आपण जिला स्नोमोबाईल म्हणतो तशी छोटी 'स्की-डू'. अलीकडे अमेरिकेत मिनेसोटातल्या रोझो गावात हेटीन बंधू आणि त्यांच्या भागीदाराने त्याच दशकात आपली गाडी बनवली, ती पुढे पोलारिस झाली. असो. इतिहास सांगायला लागलो की मी थांबत नाही, मूळ मुद्दा कॉईलचा आहे.

गेल्या जानेवारीत आमची स्नोमोबाईल नखरे करू लागली. चालू करायची, छान चालायची, आणि पंधरा-वीस मिनिटांनी अचानक अर्धी ताकद जायची. आवाज बदलायचा. दोन सिलिंडरचा तो सलग कर्कश सूर जाऊन एकाच सिलिंडरचं 'भड-भड-भड' सुरू. तशीच रखडत घरी आणायची, अर्धा तास उभी करायची, की पुन्हा ठणठणीत! जणू काही झालंच नव्हतं.

एरवी मी फारसं मनावर घेतलं नसतं. उन्हाळ्यात बघू म्हटलं असतं. पण आमचे चिरंजीव आता पंधरा वर्षांचे झालेत. सुरक्षेचा कोर्स करून सर्टिफिकेट मिळवलंय, आणि त्या शनिवारी त्याला मित्राबरोबर आइस फिशिंगला जायचं होतं. म्हणजे गोठलेल्या उपसागरावर, किनाऱ्यापासून आत, एका लाकडी खोपटात बसून बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून मासा कधी येतो त्याची वाट बघायची. घरापासून नऊ-दहा किलोमीटर. बर्फावरून. तापमान उणे वीसच्या आसपास. आणि त्या टापूत मोबाईलला रेंज असते आणि नसते.

म्हणजे प्रश्न कॉईलच्या पैशांचा नव्हता. 'जा' म्हणायचं की 'नाही' म्हणायचं, हा होता.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ज्यांनी आयुष्यात एकदा तरी बजाजची स्कूटर आडवी केली आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) पेट्रोलच्या इंजिनात प्लगला ठिणगी पडते तेव्हा इंधन पेटतं. ती ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. आपल्या जुन्या स्कूटरला पॉइंट आणि कंडेन्सर असायचे. आमच्या गाडीत सीडीआय आहे. फिरणाऱ्या मॅग्नेटोतून वीज तयार होते, सीडीआयच्या डबीतला कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत भरतो, आणि नेमक्या क्षणी तो सगळा भार इग्निशन कॉईलमध्ये सोडून देतो. कॉईल म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मर. आत जाड तारेचे थोडे वेढे, त्यांना प्रायमरी म्हणतात, आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, ती सेकंडरी. दोनशे व्होल्ट आत जातात आणि वीस हजारांच्या वर बाहेर पडतात. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी. इंजिन मिनिटाला ८००० फेरे करत असेल तर सेकंदाला १३३ वेळा. वाचता वाचता तुम्ही एकदा डोळे मिटून उघडलेत तेवढ्यात चाळीस-पन्नास ठिणग्या झाल्या.

आमच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल आहे. हे फार सोयीचं असतं, का ते पुढे येईल.

सुरुवात साध्यापासून करायची, ही अण्णांची शिकवण. अण्णा एसटीच्या डेपोत ऑटो इलेक्ट्रिशियन होते. डिझेलच्या बसला प्लगच नसतो, त्यामुळे प्लग आणि कॉईलची हौस रविवारी घरासमोर भागायची. गल्लीतल्या सगळ्या स्कूटरी, राजदूत, येझदी आमच्या दारात. मी पाना आणि पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसायचो. प्लग काढायचा, घासायचा, कॅपमध्ये परत घालून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि मी किक मारायची. अण्णांचा प्रश्न एकच, "निळा का पिवळा?" ठिणगी निळी, जाड, 'टक्' आवाज करणारी असली की ते कार्बुरेटरकडे वळायचे. पिवळी, बारीक असली की "करंटात दम नाही" म्हणायचे.

तर मी आधी गाडी बंद पडल्याबरोबर दोन्ही प्लग काढून बघितले. क्लचकडचा प्लग कोरडा, चहाच्या रंगाचा, म्हणजे उत्तम. मॅग्नेटोकडचा ओला, पेट्रोलने निथळणारा. म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाहीये. नवे प्लग टाकले. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. प्लगच्या वायरची कॅप फिरवून काढली, वायरचं टोक पाच मिलिमीटर कापून ताजी तांब्याची तार उघडी केली, कॅप परत बसवली. (कॅपचा आतला संपर्क काळा पडलेला असतो बऱ्याचदा, आणि लोक उगाच कॉईल बदलतात.) तरी तेच.

मग गॅरेजमध्ये ठिणगी बघितली. इथे दोन गोष्टी सांगून ठेवतो, कोणी करून बघणार असेल तर. एक म्हणजे प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिथून लांब ठिणगी पाडायची, भोकावर फडकं टाकून. दुसरं, प्लगची वायर नुसती मोकळी सोडून दोरी ओढायची नाही. विजेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती कॉईलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते. तपासायला गेलेली चांगली कॉईल तपासताना मारायची ही सगळ्यात सोपी पद्धत.

ठिणगी दोन्हीकडे पडली. दोन्हीकडे निळी. पण त्यात फार समाधान मानण्यासारखं नव्हतं, कारण उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरच्या आत हवा दाबलेली असते, तिथे तेवढीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर निळी दिसली म्हणून आत पडेलच असं नाही.

मग मल्टिमीटर. मॅन्युअलमध्ये आकडे दिलेले असतात. आमच्या गाडीचे प्रायमरीला अर्ध्या ओहमच्या आत आणि सेकंडरीला ५ ते ७ किलोओहम, २० अंश सेल्सिअसला. हे शेवटचे तीन शब्द लोक वाचत नाहीत. आमच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी उणे १२ होतं! तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. बत्तीस अंशांचा फरक म्हणजे साडेबारा टक्के. मला मॅग्नेटोकडच्या कॉईलचा आकडा आला ५.४, म्हणजे वीस अंशांना तो ६.२ च्या आसपास. क्लचकडच्या कॉईलचा ५.५. दोन्ही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. प्रायमरीचं म्हणाल तर साध्या मीटरवर दोन टोकं एकमेकांना नुसती जोडली तरी ०.२ दाखवतं, ते वजा करून ०.३ उरले. एवढ्या छोट्या आकड्यात घरगुती मीटरला फारसं कळत नाही, तार तुटलेली नाही इतकंच कळतं.

चिरंजीव शेजारी उभे. त्यांनी माझ्या हातातल्या मीटरकडे बघितलं, मॅन्युअलकडे बघितलं. "बाबा, नंबर्स तर राईट आहेत. म्हणजे कॉईल ओके आहे. मग मी सॅटर्डेला जाऊ शकतो?"

आता काय सांगणार? आकडे बरोबर होते. गाडी बिघडलेली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

रात्री मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ. अण्णा चहा पीत होते. सगळी कथा ऐकून घेतली. मधे एकदाच विचारलं, "किती वेळानं बंद पडती?" वीस मिनिटांनी म्हटलं. "आणि थांबली की परत चालू?" हो. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अरे, मग थंड कॉईल मोजून काय उपयोग? थंड असताना ती चांगलीच आहे, ती तसं सांगतीय तुला. गरम झाल्यावर मोज की!"

इतकं सरळ. मल्टिमीटर कॉईलमधून एखाद-दोन व्होल्ट पाठवतो आणि विचारतो, वाट आहे का? कॉईल म्हणते, आहे. पण कॉईलचं काम वीस हजार व्होल्टचं, तेही इंजिनाच्या उष्णतेत, थरथरत. आतली केसाएवढी तार एखाद्या ठिकाणी तडकलेली असेल तर थंडीत तिची टोकं एकमेकांना टेकून राहतात. गरम झालं की सगळं प्रसरण पावतं आणि टोकं सुटतात.

दोन्ही कॉईल काढून स्वयंपाकघरात आणल्या. सौ.चा हेअर ड्रायर मागितला. ("कशाला?" "कॉईल गरम करायला." यावर जी शांतता पसरली ती लिहून सांगता येणार नाही.) फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, म्हणजे अण्णांना मीटर दिसेल. आधी क्लचकडची, चांगली कॉईल. मीटर ६.२ वरून हळूहळू चढत ६.५, ६.८, ७.१... हात लावला तर चटका बसेल इतकी गरम झाली, ७.२ वर जाऊन थांबली. हे तांब्याच्या हिशेबाप्रमाणेच. मग दुसरी. ६.२, ६.४, ६.७, ६.९... आणि मीटरवरचा आकडा गेला. 'ओएल'. म्हणजे वाटच नाही. ड्रायर बंद केला. चार-पाच मिनिटांनी आकडा आपोआप परत आला, ६.६.

"सापडली!" तिकडून अण्णा ओरडले. इकडून चिरंजीव ओरडले. चौऱ्याहत्तर वर्षांचा आजोबा आणि पंधरा वर्षांचा नातू यांना एकाच वेळी, एकाच गोष्टीचा इतका आनंद झालेला मी पहिल्यांदा बघितला. एरवी त्यांचं फोनवरचं संभाषण "अभ्यास कसा चाललाय?" "छान." एवढ्यावर संपतं.

तरी अण्णांनी खातरजमा करायला लावलीच. दोन्ही कॉईलची अदलाबदल करून बसव म्हणाले. हीच ती वेगळ्या कॉईलची सोय. दुखणं जर कॉईलचं असेल तर ते कॉईलबरोबर जाईल. सीडीआयचं किंवा वायरिंगचं असेल तर आहे तिथेच राहील. दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली, घरामागच्या मोकळ्या जागेत वीस मिनिटं गोल गोल फिरलो. भड-भड-भड. प्लग काढले. आता क्लचकडचा ओला, मॅग्नेटोकडचा कोरडा. दुखणं कॉईलबरोबर गेलं होतं. विषय संपला.

म्हणजे कॉईलचा विषय संपला.

त्या हेअर ड्रायरच्या रात्री, आकडा गेल्यावर, अण्णा इतके खूश झाले की म्हणाले, थांब, माझ्याकडे माळ्यावर जुन्या कॉईलची पेटी आहे, तुला दाखवतो. फोन हातात घेऊनच जिना चढायला लागले. आम्हाला स्क्रीनवर कधी भिंत, कधी छत, कधी त्यांचा कान. मग स्क्रीन थांबली. बराच वेळ नुसती जिन्याची पायरी दिसत होती आणि श्वासाचा आवाज येत होता. मी हाका मारल्या. थोड्या वेळाने चेहरा दिसला. पायरीवर बसले होते. एक हात छातीवर.

"काही नाही रे. ऍसिडिटी. हल्ली जिना चढताना होतं जरा. बसलं की जातं."

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवलंत का? "दाखवलं की. गेल्याच आठवड्यात ईसीजी काढला. एकदम नॉर्मल. रिपोर्ट आहे, दाखवू का?"

फोन ठेवला. चिरंजीव कॉईल हातात घेऊन अजून नाचत होते. माझ्या डोक्यात मात्र त्यांची ती दोन वाक्यं राहिली. चढताना होतं. बसलं की जातं. वीस मिनिटांनी बंद पडते, थांबली की परत चालू होते.

ते वाक्य मला त्यांना फोनवर ऐकवायला दोन दिवस लागले. आपल्याकडे वडिलांना तब्येतीवरून काही सांगणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीतच आहे. 'तू तिकडे बसून मला शिकवू नको' हे उत्तर तयारच असतं, आणि त्यात थोडंफार तथ्यही असतं. जवळजवळ आठ हजार मैलांवरून काळजी करणं सोपं, दवाखान्यात रांगेत उभं राहणं दादाच्या वाट्याला. तरी शेवटी म्हटलं.

"अण्णा, तो ईसीजी काढला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? पलंगावर पडून होतो."

"म्हणजे थंड कॉईल मोजली."

पलीकडे शांतता. मग हसले. "लेका, माझंच वाक्य माझ्यावर." पुढे काही बोलले नाहीत. पण फोन दादाकडे दिला. दादाने विचारलं तेव्हा कळलं की डॉक्टरांना अण्णांनी जिन्याचं काही सांगितलंच नव्हतं. 'पोटात जळजळतं' एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरांना तरी स्वप्न पडणार होतं का?

त्याच आठवड्यात दादा त्यांना घेऊन गेला आणि या वेळी जिन्याची पूर्ण हकिगत सांगितली. डॉक्टरांनी तपासून स्ट्रेस टेस्ट करायची ठरवली. ट्रेडमिलवर चालवतात, छातीला वायरी लावलेल्या, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेतात. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या हृदयाला रक्त कमी लागतं, त्यामुळे रक्तवाहिनी अरुंद झालेली असली तरी भागून जातं. चढ आला की मागणी वाढते आणि मग ती वाहिनी पुरी पडत नाही. पट्ट्यावर ते उमटतं. अण्णांचं दुसऱ्या टप्प्यातच उमटलं. टेस्ट तिथेच थांबवली. मग अँजिओग्राफी, मग दोन स्टेंट. मी तिकीट काढून पोचलो तेव्हा ते घरी येऊन खुर्चीत बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्नोमोबाईलची गोष्ट सांगत होते. कॉईलचा भाग रंगवून, स्वतःचा भाग एका वाक्यात उरकून.

नातेवाईकांना हे सगळं माहीत आहेच. मुद्दाम लिहितोय ते एवढ्यासाठी की त्यानंतर मला 'नॉर्मल' या शब्दाबद्दल जरा वेगळं वाटायला लागलंय. रिपोर्ट खोटा नव्हता. मीटरही खोटं नव्हतं. दोघांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. प्रश्न स्वस्थ बसलेल्या अवस्थेबद्दल होता, आणि दुखणं चढणीवर होतं.

आणि हे फक्त यंत्रांचं किंवा हृदयाचं नाही. आपण फोनवर रोज विचारतो ना, "कसे आहात?" "मजेत." "तब्येत?" "उत्तम." रविवारी सकाळी, चहा घेऊन, खुर्चीत बसून दिलेली ती उत्तरं. तेव्हा सगळे उत्तमच असतात. मी हल्ली वेगळं विचारतो. परवा मंडईतून पिशवी घेऊन चालत आलात का? मधे कुठे थांबलात? आईला विचारतो, पाणी गेलं होतं तेव्हा कळशी कोणी आणली? अशा प्रश्नांना 'मजेत' असं उत्तर देता येत नाही, काहीतरी खरं सांगावं लागतं. आईला सुरुवातीला वाटलं मी पोलिसात भरती झालोय. आता सवय झाली. आता तीच मला विचारते, "बर्फ ढकलून आलास का? दम लागला का?"

उगाच प्रत्येकाला गरम करून बघत सुटावं असं मात्र मी म्हणत नाही. हेअर ड्रायर फार जवळ धरला तर चांगली कॉईलही खराब होऊ शकते, आणि ट्रेडमिलवर कोणाला चढवायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं, मुलाने नव्हे. आपण फक्त नीट सांगायचं, कधी होतं, काय करताना होतं, कधी थांबतं. अण्णांनी मला फोनवर विचारलेले दोन प्रश्न अगदी तेच होते.

चिरंजीवांचा तो शनिवार अर्थातच हुकला. नवी कॉईल यायला चार दिवस लागले. तोंड फुगवून बसले होते. मित्र एकटाच वडिलांबरोबर गेला आणि त्याने हातभर लांब माशाचा फोटो पाठवला, त्यामुळे दुःख अधिकच. पण त्याने एकदाही 'नंबर्स तर राईट होते' म्हटलं नाही. स्वयंपाकघरात 'ओएल' त्याने स्वतः बघितलं होतं. मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर आमच्या घरात महिनाभर युद्ध चाललं असतं. पुढच्या शनिवारी आधी आम्ही दोघं घराजवळच तासभर गाडी फिरवली, चांगली तापवली, मग तो गेला. मासा मिळाला नाही. सुखरूप परत आला, मला तेवढं पुरे.

शेजारी एक फिनिश वंशाचे आजोबा राहतात. त्यांना ही सगळी हकिगत सांगितली. ते आयुष्यभर या बर्फात राहिलेले. म्हणाले, बर्फावर लांब जाताना मी कायम एक जास्तीचा पट्टा, दोन प्लग आणि चालत परत येता येईल असे बूट बरोबर ठेवतो. तपासून घेतलेल्या गाडीवरसुद्धा. मग सौनामध्ये येणार का विचारलं. त्यांच्याकडे सगळ्या विषयांचा शेवट सौनामध्ये होतो.

आता सीटखालच्या पिशवीत एक जादा कॉईल असते. अण्णा रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत नाही, पण कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालून येतात आणि न थांबता आलो हे न विचारता सांगतात. माळ्यावर चढायला आईने बंदी घातलीय, त्यामुळे ती पेटी दादाने खाली काढून दिली. आणि आमची ती बिघडलेली कॉईल मी फेकणार होतो, तर अण्णांनी साफ मना केलं. डिसेंबरात येशील तेव्हा घेऊन ये म्हणाले. ती राळेत ओतून बंद केलेली असते, उघडत नाही, असं मी सांगून बघितलं. "हॅकसॉ आहे की," म्हणाले. "तार नेमकी कुठं तुटलीय ते बघायचंय मला. पोरालाही घेऊन ये, त्यालाही दाखवू."

तर सामानात कॉईल आहे. विमानतळावर तपासणी करणाऱ्याने हे काय म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरवलेलं नाही.